रेड वाइन, नांदेडचा मे आणि काही पक्के गैरसमज

लातूरच्या औसा रोडवर किंवा नांदेडच्या वजिराबादेत ‘वाइन शॉप’ची पाटी बघून आत गेलात आणि खरोखरच वाइन मागितली, तर काउंटरवरचा पोरगा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. मग स्टूल ओढतो, सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढतो, फडक्यानं धूळ पुसतो आणि ‘पाहुणे आलेत वाटतं?’ असं विचारत ती काळ्या पिशवीत घालून देतो. दुकानाचा धंदा चालतो खालच्या फळ्यांवरच्या व्हिस्की, रम आणि बिअरवर. वरची फळी पाहुण्यांसाठी.

ही बाटली बहुतेक वेळा नाशिककडची असते, कधी अकलूजची. किंमत पाचशे ते हजाराच्या आसपास. घरी नेऊन, दार लावून, जेवणाबरोबर ती चाखणारी मंडळी दोन्ही शहरांत आहेत: डॉक्टर, प्राध्यापक, क्लासेसवाले सर, पुण्या-हैदराबादेतून सुट्टीला आलेली मुलं. बाटलीबरोबर सांगोवांगीचं एक गाठोडंही घरात येतं. त्यातलं अर्धं युरोपातल्या थंड घरांमधून आलेलं असतं, उरलेलं व्हॉट्सॲपवरून. मराठवाड्यात साध्या रेड वाइनची चव बिघडते ती मुख्यतः उन्हानं. पिणाऱ्याच्या जिभेत काही खोट नसते. गाठोडं सोडताना हे ध्यानात असू द्या.

गैरसमज : ‘दारू थोडीच आहे ती, अंगुराचा रस आहे.’

हा गैरसमज घातक आहे, म्हणून आधी तोच. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. मग महिनाभर महाराष्ट्रात एकच वाद गाजला. एक बाजू म्हणाली वाइन म्हणजे दारू नव्हे, दुसरी म्हणाली सरकार घरोघर दारू पोचवतंय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. पण ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आता हिशेब करू. साध्या रेड वाइनमध्ये अल्कोहोल असतं साधारण 13 टक्के. 150 मिलीच्या एका ग्लासात ते साडेएकोणीस मिली भरतं. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, त्यामुळे 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये जवळपास 13 मिली अल्कोहोल येतं. म्हणजे वाइनचा एक ग्लास दीड स्मॉल पेगाच्या बरोबरीचा झाला. 750 मिलीच्या अख्ख्या बाटलीत साडेसत्त्याण्णव मिली, आणि व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये 77. ‘मी क्वार्टर पीत नाही, वाइनची बाटली घेतो’ असं अभिमानानं सांगणारा माणूस क्वार्टरपेक्षा जास्तच पितो. फरक एवढाच की वाइन हळू आणि जेवणासोबत पिली जाते, म्हणून चढायला वेळ घेते. पोलिसांच्या यंत्राला हा फरक कळत नाही, यकृतालाही कळत नाही. कायदाही तिला दारूच समजतो: महाराष्ट्रात वाइन आणि बिअर पिण्याचं किमान वय 21 आहे, कडक मद्याचं 25. बाटलीवर छापलेला इशाराही व्हिस्कीवर असतो तोच.

म्हणून पहिल्यांदा चाखणाऱ्या जोडप्यानं 375 मिलीची हाफ बाटली आणावी. दोघांत ती म्हणजे प्रत्येकी जवळजवळ दोन स्मॉल पेग, आणि चवीची ओळख व्हायला तेवढी पुरून उरते.

गैरसमज : ‘रेड वाइन हृदयाला चांगली. रक्त वाढतं. चेहऱ्यावर तेज येतं.’

याचं मूळ सापडतं. नोव्हेंबर 1991 मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात एक कोडं मांडलं गेलं: फ्रेंच माणसं लोणी-चीज इतकं खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी कसा? उत्तर म्हणून रेड वाइनचा ग्लास उंचावून दाखवला गेला. पुढच्या वर्षी सर्ज रनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर रेड वाइनचा खप वाढला. नंतर त्या धर्तीच्या अभ्यासांतल्या खोडी लक्षात आल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली गेली होती, आणि त्यांच्याशी तुलना केली तर थोडी पिणारी धडधाकट दिसणारच. रेड वाइनमधल्या ज्या रेझव्हेरेट्रॉल या घटकाची एवढी जाहिरात झाली, ते वाइनमध्ये लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगशाळेतल्या मात्रेला पोचायचं तर बाटल्यांची रांग लावावी लागेल. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 मध्येच नोंदवलं आहे, आणि जानेवारी 2023 मध्ये संघटनेनं स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक अशी दारूची कुठलीही मात्रा नाही.

रक्त वाढण्याची गोष्ट तर उलटीच आहे. रेड वाइनमधले तुरट घटक अन्नातलं, विशेषतः डाळी-पालेभाज्यांतलं, लोह शोषू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बाईला कुणी रेड वाइन सुचवली, तर त्याला लोहाची गोळी आणि अळीवाचे लाडू दाखवा. तेजाबद्दल न बोललेलंच बरं. वाइन प्यायची तर चवीसाठी प्यावी. त्यात पुण्य शोधायचं कारण नाही.

गैरसमज : ‘रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते. रूम टेंपरेचरला प्यायची.’

हा सल्ला इंग्रजी पुस्तकांत आहे, पुण्यातल्या भाच्यानं दिलेला आहे आणि नांदेडमध्ये तो साफ चुकीचा आहे. ‘रूम’ कुठली, हेच त्यात कुणी सांगत नाही. फ्रान्स-इंग्लंडमधल्या दगडी घरांत, हीटर यायच्या आधी, खोलीचं तापमान 16 ते 18 अंश असायचं. रेड वाइनला चांगलं तेच तापमान, हलक्या वाइनला आणखी एक-दोन अंश कमी. नांदेडला मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असतं आणि पंख्याखालच्या खोलीत पस्तीसच्या पुढे. त्या ‘रूम टेंपरेचर’ला ओतलेल्या वाइनमधून आधी अल्कोहोलची वाफच नाकात जाते. फळाचा वास त्याखाली दबतो, घोट जड आणि उकडल्यासारखा लागतो, आणि पिणारा म्हणतो, ‘एवढ्यासाठी आठशे रुपये?’

उलट टोकही वाईटच. रात्रभर फ्रिजमध्ये राहून 4-5 अंशांवर आलेल्या रेड वाइनला वास उरत नाही आणि तुरटपणा मात्र दुप्पट जाणवतो. पस्तीस अंशांच्या खोलीत राहिलेली बाटली सोळा-सतरापर्यंत आणायला फ्रिजला दोन-अडीच तास लागतात. पुस्तकात लिहिलेली वीस मिनिटं तिथल्या थंड घरांसाठी आहेत. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फानं होत नाही, पाणी हवंच, कारण बाटलीला चहूकडून टेकतं ते पाणी. थर्मामीटर कुणाकडे नसतो, म्हणून हाताचा अंदाज सांगतो: माठातल्या पाण्यापेक्षा बाटली थोडी जास्त गार लागली पाहिजे. ग्लासातही एका वेळी थोडीच ओता आणि बाटली परत बर्फात ठेवा. भारनियमनात फ्रिज बंद असेल आणि ग्लासात बर्फाचा एक खडा टाकावा लागला तर खुशाल टाका. वाइन थोडी पातळ होईल, पण तापलेल्या वाइनपेक्षा पातळ वाइन परवडली. जाणकार नाकं मुरडतील. ते जाणकार नांदेडात मे काढत नाहीत.

खरं नुकसान मात्र बाटली घरी यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, आणि त्याचा संबंध त्या वरच्या फळीशी आहे. तापलेली हवा वर चढते, त्यामुळे दुकानातली सगळ्यात गरम जागा म्हणजे छताखालची फळी. तिथं एक-दोन उन्हाळे काढलेली वाइन भाजून निघते. तिचा ताजा फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या मनुकांचा येतो, लाल रंग विटकरीकडे झुकतो. कधी बूच वर सरकलेलं दिसतं, कधी मानेवर चिकट ओघळ. कंपनीचा यात काही दोष नसतो. म्हणून दुकानात चार गोष्टी करा: शोकेसमधली किंवा वरच्या फळीवरची बाटली घेऊ नका, खाली ठेवलेल्या खोक्यातली मागा, लेबलवरचं साल वाचा, आणि ज्या दुकानात बिअरच्या फ्रिजमध्ये वाइन ठेवतात तिथं जा. घरी येताना ती गाडीच्या डिकीत ठेवून भर दुपारी आणखी दोन कामं उरकू नका. घरात तिची जागा मधल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी. माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर अजिबात नको.

गैरसमज : ‘जितकी जुनी तितकी भारी.’

सिनेमातला श्रीमंत माणूस तळघरातून 1960 ची बाटली आणतो, तिथून हे डोक्यात बसलं. जगात बनणाऱ्या वाइनचा फार मोठा भाग दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवलेला असतो. आपली रोजची रेड तर नक्कीच. धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात शिंदी पिणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. सकाळची शिंदी दुपारी वेगळी लागते आणि संध्याकाळी आंबते, हे त्याची जीभ जाणते. वाइनचा काळ तासांऐवजी वर्षांत मोजायचा, एवढाच फरक.

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. युरोपात ही तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, महाराष्ट्रात जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षात दोनदा करतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पीक मात्र एकच घेतात. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानं तिथली द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं नोंदवलं आहे, तेव्हा मराठवाड्याला द्राक्ष नवं नाही. आजही औसा-किल्लारीकडे बागा आहेत. पण त्या खायच्या द्राक्षांच्या आहेत, आणि खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांचा धर्म वेगळा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी निवडलेलं शरद सीडलेस किंवा सोनाका मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं असतं, कारण ते दाताखाली फुटायला हवं. वाइनचं शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों बारीक, जाड सालीचं, बियांचं आणि खूप जास्त गोड. त्या सालीतच सगळी गंमत आहे. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा पांढुरकाच असतो. रस सालीसकट आंबवला की साल रंग सोडते आणि वाइन लाल होते. ‘रंग घालतात हो त्यात’ ही शंका त्यामुळे रद्द.

गैरसमज : ‘चांगली वाइन गोड असते. ही तुरट आहे, म्हणजे बिघडली.’

आपल्या भागात बहुतेकांची पहिली ओळख होते ती ‘पोर्ट’ लिहिलेल्या स्वस्त, गोड वाइनशी. गोव्याच्या सहलीतून आणलेली, काकूंनाही चालणारी. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यात होते. तिचं आंबणं मध्येच द्राक्षाची कडक दारू ओतून थांबवतात, म्हणून ती गोड राहते आणि वीस टक्क्यांच्या घरात जाते. आपली ‘पोर्ट’ म्हणजे बहुधा साधीच गोड वाइन. ती आवडणं हा काही गुन्हा नाही. पण तिच्यावर वाढलेल्या जिभेला पहिला घोट कोरड्या शिराझचा दिला की तोंड वाकडं होतं.

तो तुरटपणा सालीतून आणि बियांतून येणाऱ्या टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या ओढल्यासारख्या वाटतात. जांभूळ खाल्ल्यावर, कच्ची सुपारी चघळल्यावर होतं ते हेच. ज्याला जांभूळ आवडतं त्याला रेड वाइनचा तुरटपणा परका नाही. जांभळासोबत आपण मीठ खातो आणि वाइन मात्र नुसती पितो, म्हणून पंचाईत होते. मिठाची गोष्ट पुढे येईलच. बिघडलेली वाइन वेगळी ओळखू येते: व्हिनेगरसारखी नाकात चढते, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. दुसरा दोष नैसर्गिक बुचातल्या एका द्रव्याचा असतो.

फिरकीच्या झाकणाच्या वाइनमध्ये तो जवळजवळ नसतोच, आणि तरीही लोक ‘झाकणवाली’ म्हणजे हलकी समजतात. न्यूझीलंडमधल्या दहातल्या नऊ बाटल्यांना फिरकीचंच झाकण असतं. रोज पिऊन संपवायच्या वाइनला ते बुचापेक्षा चांगलं. शिवाय बूचकाढा शोधत शेजाऱ्याचं दार वाजवावं लागत नाही.

गैरसमज : ‘आपल्याला काय कळतंय? त्याला जीभ तयार लागते.’

मला सगळ्यात राग येतो तो याचा. बाटलीच्या मागं ‘ब्लॅककरंट, सीडर, लेदर’ असं छापलेलं असतं. ब्लॅककरंट लातूरच्या गंजगोलाईत मिळत नाही, मग वाचणारा स्वतःला अडाणी समजून गप्प बसतो. 2001 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. त्यांची जीभ तयार होती, पण डोळ्यांनी तिला गंडवलं. 2008 मध्ये अमेरिकेत किंमत आणि नाव झाकून केलेल्या सहा हजारांहून जास्त चाखण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. साध्या पिणाऱ्यांना महाग वाइन जास्त आवडते असं त्यात दिसलं नाही. उलट किंचित कमीच आवडली. त्यामुळे बॉस घरी येणार म्हणून तीन हजारांची बाटली आणायची असेल तर आणा, पण ती लेबलासाठी आणलीत हे मनाशी ठेवा.

वास ओळखायला आपलं स्वयंपाकघर पुरतं. शिराझमध्ये कधी काळ्या मिरीचा वास येतो, आणि हा निव्वळ भास नाही. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच रोटंडोन शिराझच्या सालीत असतं. खलबत्त्यात चार मिरे कुटा, हुंगा, मग ग्लास हुंगा. दर पाचांतल्या साधारण एकाला हे द्रव्य वासच देत नाही, तेव्हा घरातल्या एकानं ‘मला काही येत नाही’ म्हटलं तर त्याच्यावर हसू नका. उन्हाळी प्रदेशातल्या द्राक्षांत ते कमी तयार होतं, म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक शिराझमध्ये ते सापडेलच असंही नाही. कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरची चिरतानाचा हिरवा वास येतो, तोही दोन्हींतल्या एकाच द्रव्याचा. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा आणि व्हॅनिलाचा वास पिंपाच्या लाकडातून मिळतो. मनुका, जांभूळ, करवंद, आमसूल, ओली माती, गूळ, तंबाखूची पुडी, जे आठवेल ते म्हणा. परीक्षा कुणी घेणार नाही.

चाखायची रीत थोडक्यात अशी. शिराझ आणि कॅबर्ने, दोन हाफ बाटल्या आणा आणि चौघं बसा. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, म्हणजे नाव-किंमत दिसणार नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा. टेबलावर ठेवूनच गोल फिरवा, नाक आत घालून एकच लांब श्वास घ्या. छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते तेवढं बघा. जिभेच्या टोकाला गोड, मागं कडू हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे, जीभ सगळीकडून सगळ्या चवी घेते. त्यामुळे वाइन जिभेच्या अमुक भागावर पाडणारे महागडे ग्लास घ्यायची गरज नाही. तोंडाशी थोडा निमुळता, काचेचा कुठलाही ग्लास चालतो. स्टीलचा पेला विषारी नाही, फक्त त्यातून रंग दिसत नाही. खरी काळजी घ्यायची ती धुण्याची. बोअरच्या जड पाण्यानं काचेवर पांढरे डाग राहतात आणि भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास काचेला धरून बसतो. तोच मग लोकांना वाइनमध्ये ‘सिट्रस’ म्हणून सापडतो. शेवटचा हात जारच्या पाण्याचा द्या आणि ग्लास उपडा वाळवा.

ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या ‘अश्रूं’वरून दर्जा कळतो, हेही सोडून द्या. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, पृष्ठताण बदलतो आणि ओघळ तयार होतात. 1855 मध्येच जेम्स थॉमसननं ते उलगडून ठेवलं आहे. बूच काढून ‘श्वास घ्यायला’ ठेवलेली बाटलीही तशीच, मानेतल्या नाण्याएवढ्या तोंडातून हवा जाणार किती? हवा द्यायचीच असेल तर जगमध्ये ओता आणि परत बाटलीत भरा.

गैरसमज : ‘आपल्या जेवणासोबत वाइन जमत नाही. त्याला चीज आणि स्टेक लागतो.’

अर्धं खरं आहे. तिखटाशी अल्कोहोल आणि टॅनिनचं पटत नाही. काळ्या मसाल्याच्या जहाल रश्श्यावर कडक कॅबर्ने पिलात तर आग दुप्पट होते. पण आपल्या ताटात इतर बरंच काही असतं. शेंगदाण्याच्या चटणीत तेल आहे, प्रथिन आहे, मीठ आहे, आणि या तिन्हींनी तुरटपणा उतरतो. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, बोटभर चटणी, मग घोट: हा क्रम एकदा करून बघा आणि मग नुसता घोट घ्या. चीजशिवायही काम भागतं, हे तिथंच कळतं. लातूर-उदगीर-तुळजापूरच्या पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी तर मांसासाठी नावाजलेली. तिचं मटण सुकं, कमी तिखट, मिरी-धण्यावर केलं तर त्यासोबत शिराझ उत्तम लागते. नांदेडची तहारी किंवा बिर्याणी हलक्या, थोड्या जास्त गार केलेल्या रेडबरोबर चांगली जाते. येसर आमटीत पानचिंचोलीची चिंच सढळ पडली असेल तर मात्र वाइन पाणचट लागेल, कारण आंबट अन्नापुढे वाइनचा आंबटपणा फिका पडतो. अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं लावलेलं सांजोव्हेजे हे इटालियन द्राक्ष अंगानंच जास्त आंबट, ते अशा जेवणापुढे टिकतं. लातूरला नाशिकपेक्षा अकलूज कितीतरी जवळही आहे.

गैरसमज : ‘सल्फाइटनं डोकं दुखतं.’

वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटचा थोड्या दमेकऱ्यांना त्रास होतो, हे खरं. पण व्हाइट वाइनमध्ये ते बहुधा रेडपेक्षा जास्त असतं, आणि गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यांत त्याहून कितीतरी जास्त. शिऱ्यातले बेदाणे खाऊन ज्याचं डोकं दुखत नाही, त्यानं सल्फाइटला दोष देऊ नये. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगळा संशय मांडला: सालीतल्या क्वेर्सेटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ अल्कोहोलचं विघटन मध्येच अडवतो. ते अजून सिद्ध व्हायचं आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात डोकं दुखण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: दिवसभर पाणी कमी पिलेलं, पोट रिकामं आणि वाइन कोमट. दर ग्लासामागे एक तांब्या पाणी प्या.

गैरसमज : ‘एकदा उघडली की संपवलीच पाहिजे.’

या एका समजुतीपायी लोक नको असताना तिसरा ग्लास ओततात. झाकण घट्ट लावून फ्रिजच्या दारात उभी ठेवलेली रेड तीन ते पाच दिवस चांगली राहते. अर्ध्यापेक्षा कमी उरली असेल तर छोट्या, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे हवा कमी लागते. ओट्यावर राहिली तर नांदेडच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशीच उतरते. थोडी आंबलीच तर ओतून देऊ नका. मीठ, आलं-लसूण आणि हळदीबरोबर मटणाला चोळून तासभर ठेवा. दह्यासारखाच आंबटपणा तीही देते. त्या रात्री गाडी काढायची असेल, किंवा रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची गोळी चालू असेल, तर बाटलीतली वाइन तुम्ही मात्र त्या मटणापुरतीच वापरा.